बावीस उत्तरांची संथा

काशीच्या पंचगंगा घाटावर बांबू उभे राहायला लागले की आमच्या गल्लीतली माणसं खूश होतात. पावसाळ्यातला गाळ पंपाने धुऊन पायऱ्या पुन्हा मोकळ्या झालेल्या असतात, पाण्याचा मातकट रंग जाऊन ते जरा हिरवं दिसायला लागतं, आणि नावाडी लोक उंच बांबूंना दोऱ्या ओवत बसलेले असतात. त्या दोरीवरून वेताची टोपली वर जाते आणि टोपलीत दिवा असतो. आकाशदीप. आमच्या मराठी पंचांगात तेव्हा अजून आश्विनच चालू असतो, दिवाळी व्हायची असते. घाटावर मात्र पौर्णिमा झाली की सुरू होणारा उत्तरेकडचा कार्तिक लागलेला असतो. आम्ही काशीचे मराठी लोक ते पंधरा दिवस दोन्ही महिन्यांत राहतो आणि त्यात आम्हाला काही विशेष वाटत नाही.

यंदाही बांबू उभे राहिले. सकाळी दूध आणायला निघालो तर पहिला बांबू दिसला आणि मी तिथूनच मागे फिरलो. दूध न घेताच घरी आलो. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "आज डेअरी बंद आहे काय?" मी म्हणालो, हो. एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलायची ही सवय मला गेल्या कार्तिकात लागली.

आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. माझे वडील, अण्णा, वैदिक होते. सकाळी पाठशाळेत मुलांना संथा द्यायचे. संथा म्हणजे गुरूने एक चरण म्हणायचा आणि शिष्याने तो पुन्हा पुन्हा म्हणायचा, पुस्तक न बघता, स्वर न हलवता, तो आतून आपला आपण यायला लागेपर्यंत. शिष्य म्हणत असताना गुरूचेही ओठ हलत असतात, ते त्याला स्वतःला कळतही नाही. अडखळलं की अण्णा बोटाने जमिनीवर टकटक करायचे. रागावायचे नाहीत, पण ती टकटक अजून मला कधीकधी दुपारच्या झोपेत ऐकू येते. आमच्या घरात अडखळणं म्हणजे येत नसणं, इतका साधा हिशेब होता.

मी वैदिक झालो नाही. एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना विभागात चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. भरती निघाली की अर्जांची पोती यायची. ती पोती उपसायचं काम माझ्याकडे असायचं. सही नाही, बाजूला. प्रत साक्षांकित नाही, बाजूला. फोटो नाही, बाजूला. पहिल्या दिवशी हात जड असायचा, तिसऱ्या दिवशी हलका होऊन जायचा. एकदा आजमगढकडचा एक माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "बाबूजी, हमारा क्या गलत था, इतना बता दीजिए," असं म्हणाला आणि नुसता उभाच राहिला. मी वैतागून गठ्ठा सोडला. त्याची गुणपत्रिका खळीने दुसऱ्याच्या अर्जाला चिकटून गेली होती. मी ती सोडवून जागेवर लावली आणि त्याला परत रांगेत घेतलं. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगायचो, आपण कसे सज्जन आहोत ते कळावं म्हणून. जे टेबलापर्यंत आलेच नाहीत त्यांच्या गुणपत्रिका कुठे चिकटल्या असतील, हा विचार तेव्हा शिवलासुद्धा नाही. तो आता येतो, आणि बरेचदा जेवताना येतो.

आमची एकुलती एक मुलगी जान्हवी. तिने एम.कॉम. केलं आणि पुण्याकडच्या कंपन्यांत अर्ज करायला लागली. अर्ज कंप्युटरवरच. आणि अर्ज लिहायला कृत्रिम बुद्धिमत्ता. ती आपली माहिती सांगायची आणि ते यंत्र तिला इतकं कर्तबगार करून दाखवायचं की सुनंदाने एकदा विचारलं, "ही कोण मुलगी आहे? आपल्याच घरी राहते का?" जान्हवी हसली. म्हणाली, "आई, सगळेच असं लिहितात. वाचणारा पण माणूस नसतोच ना, तिकडे पण मशीनच आहे."

मीही हसलो होतो. मग उत्तरं यायला लागली. अर्ज पाठवून ती चहा ठेवायला उठायची आणि चहा गाळायच्या आत नकार आलेला असायचा, अगदी गोड भाषेत. आम्हाला एक पोतं उपसायला आठवडा लागायचा. इथे पोतंच नव्हतं, हात नव्हता, हात जड व्हायचा प्रश्नच नव्हता. तो गोड नकार पहिल्यांदा वाचला तेव्हा मला थंडी वाजल्यासारखं झालं. नकाराचं काय, नकार आम्हीही द्यायचो. पण आम्हाला निदान जांभई यायची.

गेल्या कार्तिकात शेवटी एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घरूनच, लॅपटॉपसमोर बसून, आणि घेणारं यंत्र. ते प्रश्न विचारणार, कॅमेऱ्यातून तिला बघणार, आवाज ऐकणार आणि गुण देणार. हे कळल्यावर मी कामाला लागलो. आस्थापनेत उभा जन्म गेलेला माणूस. मुलाखत म्हणजे काय हे मला कोणी सांगायचं? मी बावीस प्रश्न काढले. बावीस उत्तरं लिहिली. आणि जान्हवीला संथा द्यायला बसलो.

हे अगदी आमच्या घरातच होऊ शकतं असं आता वाटतं. दुसऱ्या एखाद्या बापाने मुलीला सांगितलं असतं, घाबरू नको, मनात येईल ते बोल. मी सकाळी स्नान करून पाटावर बसायचो, ती समोर. मी एक वाक्य म्हणायचो, ती म्हणायची. "मला ग्राहकांशी बोलायला आवडतं, कारण..." दहा वेळा. गच्चीत माकडं उड्या मारत असायची, खालून घाटावरचे लाऊडस्पीकर, आणि आम्ही बापलेक 'तुमचा कमकुवतपणा कोणता' या प्रश्नाचं उत्तर एका सुरात घोकतोय. अडखळली की माझं बोट आपोआप जमिनीवर जायचं. टकटक. लहानपणी अण्णांनी तिला गंगेचं एक स्तोत्र असंच शिकवलं होतं, मांडीवर घेऊन. तिची मान तशीच किंचित वर व्हायची आणि डोळे कोपऱ्यातल्या देवळीकडे लागायचे. पाठ म्हणणाऱ्या माणसाचे डोळे असेच कुठेतरी जाऊन थांबतात. मला ते बघून भरून आलं होतं. अण्णा असते तर, असं मनात आलं होतं.

मुलाखत दुपारी बाराची. शेजारच्या काकूंना कुकर लावू नका म्हणून सांगून आलो. देवळाच्या घंटेचं काही करता येण्यासारखं नव्हतं. जान्हवीने दार लोटून घेतलं. आत ती एकटी; सुनंदा स्वयंपाकघरात हात बांधून बसलेली; मी दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर. यंत्राचा आवाज बाईचा होता. इतका नम्र आवाज मी उभ्या नोकरीत कोणत्याच अधिकाऱ्याच्या तोंडी ऐकला नव्हता. प्रश्न आला, जान्हवी बोलली. दुसरा आला, बोलली. आमच्या बावीसातलेच होते जवळजवळ सगळे. कुठे थांबली नाही, कुठे अं नाही की ऊं नाही. मी पायरीवर बसल्या बसल्या डोळे मिटले होते. पाचव्या-सहाव्या प्रश्नाच्या सुमारास डोळे उघडले आणि लक्षात आलं की माझे ओठ हलतायत. नुसते हलत नव्हते. मी म्हणत होतो. बारीक आवाजात, पण म्हणत होतो.

मी तोंडावर हात दाबून धरला. छातीत धडधड ऐकू येत होती, तीही आत जाईल असं वाटलं.

पानं वाढेपर्यंत निकाल आला. जान्हवीने उभ्यानेच वाचून दाखवला. मुलाखतीदरम्यान बाह्य साहाय्य घेतल्याची चिन्हं आढळल्यामुळे आपली उमेदवारी पुढे नेता येत नाही. आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा. बस, एवढंच. कोणती चिन्हं, ते नाही. कधी, ते नाही. खाली सही नाही, आणि या पत्त्यावर उत्तर पाठवू नये अशी सूचना.

"म्हणजे काय?" सुनंदाने विचारलं.

"म्हणजे मी नक्कल केली असं म्हणतायत ते," जान्हवी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, मी चोरी केली का?"

"छे," मी म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो. "तुझे डोळे देवळीकडे जात होते ना, त्याला वाटलं असेल भिंतीवर कागद चिकटवून वाचतेय. त्या मशीनला पाठांतर काय कळणार."

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग पानावर बसली आणि गार झालेला भात खाल्ला. ते बघणं मी नंतर वर्षभर आठवत होतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हिला कळलंय की काय.

त्याच दुपारी तिने दुसरी गोष्ट विचारली, आणि खरी भीती तिथून सुरू झाली. "हेच मशीन बाकीच्या कंपन्यांमध्ये पण असेल तर? माझ्या नावापुढे त्यांनी काही लिहून ठेवलं असेल?" आमच्या वेळी एखाद्यावर शेरा मारला तर तो कागदावर असायचा, कागद फायलीत, फाईल कपाटात, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते शिपायालाही ठाऊक असायचं. इथे शेरा आहे की नाही हेच माहीत नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक नकारात आम्हाला तो दिसायला लागला. असेल, नसेल. नसलेल्या शेऱ्याने माणूस किती पोखरतो ते मी माझ्या घरात पाहिलं.

मी हरकत घ्यायची ठरवली. अर्जाचा मसुदा करण्यात माझा हात धरणारा आमच्या कार्यालयात कोणी नव्हता. कंपनीच्या संकेतस्थळावर एक रिकामी चौकट होती, तिथे लिहायचं होतं. मी सांगत गेलो, जान्हवी टाइप करत गेली. शेवटी मी म्हणालो, "लिही, मुलाखतीच्या वेळी खोलीत मी एकटीच होते आणि मला कोणाचाही आवाज ऐकू आला नाही."

तिची बोटं थांबली. "हे पण लिहू?"

"लिही."

तिने लिहिलं. मी चष्मा काढून डब्यात ठेवेपर्यंत उत्तर आलं. आपली निराशा आम्ही समजू शकतो. आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. निर्णय कायम आहे. मी त्या पडद्यासमोर उभा राहिलो, आजमगढच्या माणसासारखा. पण उभं राहून काही होत नव्हतं, कारण समोर टेबलच नव्हतं. वैतागून का होईना गठ्ठा सोडणारा कोणी बाबू नव्हता.

गेल्या वर्षी वसुबारसेला जान्हवी घाटावर आली नाही. वसुबारसेचा आकाशदीप आमच्या घराचा असतो. बचाऊ नावाड्याचे वडील आमच्या अण्णांसाठी दोरी ओढायचे, आता बचाऊ ओढतो. स्तोत्र सुरू झालं की टोपली हलते आणि स्तोत्र संपताना ती टोकाला पोचलेली असते, असं अण्णांचं आणि त्याच्या वडिलांचं बसलेलं. अण्णा गेल्यापासून स्तोत्र जान्हवी म्हणायची. "मला नाही म्हणायचं, तुम्ही म्हणून या," एवढंच म्हणाली. मी म्हटलं. दिव्याभोवती त्या दिवसांतले बारीक हिरवे किडे गोळा झाले होते, एकदोन तोंडातही गेले.

मग हिवाळा आला, गेला. जान्हवी आता दुसऱ्याच एका यंत्रासमोर सराव करायची. ते मुलाखतीची तालीम घेतं आणि कुठे सुधारायचं ते सांगतं. कॅमेऱ्याकडे बघा. मध्येच थोडं थांबा. सहज वाटू द्या. तिने आईची लाल टिकली लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी चिकटवली, डोळे तिथे राहावेत म्हणून. आणि अडखळायला शिकली. खरंच शिकली, वहीत खुणा करून. "मला... म्हणजे... असं वाटतं की..." दारापलीकडून ते ऐकताना माझं बोट जमिनीकडे जायचं आणि अधांतरीच राहायचं. तिचे गुण वाढत होते. एक दिवस सुनंदाने भाजीत मीठ कसं झालंय विचारलं तर ती म्हणाली, "अं... म्हणजे... ठीक आहे," आणि आम्ही तिघंही जेवायचे थांबलो. सराव होता की खरंच चव कळत नव्हती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी घरात तिच्या डोळ्यांकडे बघायला लागलो होतो, कुठे जातात ते. आपल्याच लेकीकडे असं बघणं चांगलं नाही हे कळत होतं, तरी बघत होतो.

आणि सांगून टाकायचं रोज ठरवत होतो. की बाई गं, तुझी चूक नव्हती, तुझा बाप बाहेर बसून बरळत होता, ते त्या यंत्राने ऐकलं. एवढं एक वाक्य. पण ती म्हणाली असती, मग वर्षभर मला चोर का ठरू दिलंत? त्याचं उत्तर माझ्या बावीसांत नव्हतं.

काल वसुबारस होती. "मी येते," जान्हवी आपणहून म्हणाली. आज अकरा वाजता तिची पुन्हा मुलाखत आहे, पुन्हा यंत्रासमोर, या वर्षातली ही सहावी की सातवी. सुनंदा म्हणाली, "जाऊ दे तिला, तेवढंच मन रमेल."

दिवेलागणीला आम्ही पंचगंगेवर उतरलो. आधीचे दहाबारा दिवे वर गेलेले होते. बचाऊने टोपलीत दिवा ठेवला, मी वात सारखी केली, आणि जान्हवीने स्तोत्र सुरू केलं. तोच स्वर, अण्णांचा. टोपली हलली. मी वर बघत होतो. अर्ध्यावर आली असेल तेव्हा जान्हवी थांबली.

मला वाटलं श्वास घेतेय. मग वाटलं सरावातलं थांबणं असेल. मग तिचा चेहरा पाहिला. तिला पुढचं आठवत नव्हतं. सहाव्या वर्षापासून येणारं स्तोत्र. पुढचा शब्द माझ्या ओठांवर होता आणि ओठ उघडत नव्हते. पन्नास माणसं होती, निम्म्यांच्या हातांत फोन वर धरलेले, आणि मला भीती वाटत होती की माझा आवाज कोणीतरी ऐकेल. घाटावर, देवाच्या दारात, स्वतःच्या मुलीला एक शब्द द्यायची भीती. दिवा मध्येच लटकलेला.

"बोला गुरु, हाथ पिरात हौ," बचाऊ म्हणाला. दोरी धरून त्याचा हात भरून आला होता.

मी शब्द दिला. एकच. तिने तो उचलला आणि शेवटपर्यंत म्हटलं, न अडखळता. टोपली टोकाला लागली.

परत चढताना ती माझ्या दोन पायऱ्या मागे होती. "बाबा," ती म्हणाली, "तेव्हा पण असंच झालं होतं."

"कधी?"

"मुलाखतीत. पाचवा प्रश्न. मी बिलकुल ब्लँक झाले होते. बाहेरून तुमचा आवाज आला. एकच शब्द ऐकला आणि पुढचं सगळं आलं."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. "पण तू तर थांबलीच नव्हतीस. मी ऐकत होतो ना."

"तुम्ही तुमचाच आवाज ऐकत होता. मी गप्प होते." एक पायरी वर येऊन म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सांगितलंत. म्हणून मी काही बोलले नाही. तुम्हाला कमीपणा आला असता."

म्हणजे वर्षभर ती मला सांभाळत होती आणि मी तिच्यापासून लपवत होतो. त्याच्याही पलीकडचं मला घरी पोचून देवाजवळच्या दिव्याची वात खाली करताना उमगलं. यंत्र चुकलं नव्हतं. वर्षभर मी त्याला मूर्ख, आंधळं, बहिरं म्हणत आलो. पाठांतर काय कळणार त्याला, म्हणालो. त्याने बरोबर ऐकलं होतं. मला स्वतःला जे कळलं नाही, माझ्या मुलीने आणि मी एकमेकांना जे सांगितलं नाही, ते त्याला दोन वेळा देवळाची घंटा वाजत असताना दारापलीकडून कळलं. ते चुकलं असतं तर बरं झालं असतं. चुकणाऱ्याला मी ओळखतो, तीस वर्षं मीच तो होतो. हे बरोबर असणारं कोण आहे, आणि बरोबर असून ते आजमगढच्या माणसाला कधीतरी आत घेईल का, ते मला माहीत नाही. त्याला आवाज कळला. तो बापाचा आहे, नकळत निघालाय, शिकवताना ओठ हलतातच, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्याने कोणाला सांगितलं नाही.

आज सकाळी जान्हवीने टिकली बदलली, जुनीचा डिंक गेला होता. मग मला म्हणाली, "बाबा, राग मानू नका. अकरा ते बारा तुम्ही घाटावर जाऊन बसा." मी म्हणालो, "बरं." चपला घालताना ती जवळ आली आणि माझी कॉलर सारखी केली, जणू मीच मुलाखतीला निघालो होतो.

वहीचं हे शेवटचं पान लिहितोय ते बालाजी घाटाच्या पायरीवर बसून. सव्वाअकरा झालेत. इथून आमची खिडकी दिसते, बंद आहे. मधे निदान ऐंशी पायऱ्या आणि एक गल्ली आहे, इथला आवाज तिथे जाणं शक्य नाही, हे मी मनाशी चारदा मोजून पाहिलं. माझी बावीस उत्तरं आता ती देतही नाही; तिची उत्तरं वेगळी आहेत, त्यांत थांबे आहेत, ती मला येत नाहीत.

बचाऊ नाव बांधून वर आला. माझ्याकडे बघून हसला. "का गुरु, जप होत हौ?"

तेव्हा मला कळलं की माझे ओठ हलतायत. पाचवा प्रश्न चालू होता.

"हाँ," मी म्हणालो. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून फोन अर्धा बाहेर आला होता, कॅमेरा माझ्याकडे. मी वही मिटून तोंडावर धरली.